मैदान बंद होतं तेव्हा वय थांबत नाही

कोरोनाचा इतिहास लिहिला जाईल तेव्हा त्यात रुग्णसंख्या असेल, ऑक्सिजनची टंचाई असेल, थाळ्या वाजवणंही असेल. सेनगावच्या पोरांचं मैदान त्यात कुणी लिहिणार नाही. म्हणून आम्ही लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. शहरातल्या कॉलेजात खेळ ही हौस असू शकते. आमच्या वस्तीत खेळ म्हणजे भरती. पहाटे अंधारात नर्सीच्या रस्त्यावर सोळाशे मीटरचा सराव करणारा पोरगा ऑलिंपिकसाठी पळत नाही, तो पोलिसाच्या नाहीतर फौजीच्या वर्दीसाठी पळतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या संघात निवड, एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र, आणि नशिबाने मोठं पदक आलंच तर सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. जमीन नाही, ओळख नाही, क्लासला पैसे नाहीत, अशा घरातून वर जायची ही शिडी आहे.

१३ मार्च २०२० रोजी राज्य सरकारने साथरोग कायदा लागू केला. हा कायदा १८९७ चा. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, तो पुण्यात पोचला, आणि इंग्रजांनी घाईने हा कायदा केला. त्याच प्लेगमध्ये मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतलं आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखाना गाठणाऱ्या सावित्रीमाई १० मार्च १८९७ रोजी गेल्या. आणि त्याच सुमारास पुण्याचा एक चांभाराचा पोरगा मुंबईला गेला, त्याचं नाव पालवणकर बाळू.

बाळूंची गोष्ट आपल्या पोरांना अजून नीट सांगितली जात नाही. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखणारा हा मुलगा नेटमध्ये साहेबांना चेंडू टाकता टाकता देशातला सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. हिंदू संघाला जिंकायचं होतं म्हणून त्यांनी त्याला घेतलं. पण चहाच्या वेळी सवर्ण खेळाडू आत चिनी मातीच्या कपातून प्यायचे आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. परतल्यावर त्यांच्या सत्कारात तरुण भीमराव आंबेडकर पुढे होते. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना कधीच मिळालं नाही. ते १९२३ साली त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, तेही भांडून.

२०२० मध्ये 'सोशल डिस्टन्सिंग' हा शब्द आला तेव्हा आमच्यातल्या अनेकांना तो खटकला. शारीरिक अंतर म्हणा, असं आम्ही सांगत होतो. सामाजिक अंतर काय असतं हे बाळूंच्या त्या मातीच्या भांड्याला विचारा. त्या मैदानावर कुठलीच साथ नव्हती.

आता हिशोबाकडे येऊ. मैदान बंद करणं चूक होतं, असं आम्ही म्हणत नाही. आजार खरा होता. हिंगोलीत तर सुरुवातीच्या दिवसांत राज्य राखीव पोलीस दलाचे मालेगाव-मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेले जवानच मोठ्या संख्येने बाधित निघाले. ज्या वर्दीसाठी आमची पोरं पळत होती, तीच वर्दी आधी आजारी पडली. आमचा प्रश्न बंदीचा नाही, बंदीची किंमत कुणी मोजली याचा आहे.

२०१९ साली बी.ए.ला प्रवेश घेतलेला कबड्डीपटू घ्या. पहिलं वर्ष मार्चमध्ये तुटलं. दुसरं वर्ष पूर्ण मोबाईलवर. तिसऱ्या वर्षी कॉलेजं उघडली २० ऑक्टोबर २०२१ ला, आणि जानेवारीत ओमिक्रॉनमुळे पुन्हा बंद. मग पदवी हातात आली आणि तो कॉलेजचा खेळाडू राहिलाच नाही. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा पहिल्यांदा भुवनेश्वरला १ मार्च २०२० ला संपली. दुसरी बेंगळुरूला सुरू झाली २४ एप्रिल २०२२ ला. या दोन तारखांच्या मध्ये एक अख्खी पिढी बसते. (आपल्या राज्यातल्या विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवाला 'अश्वमेध' म्हणतात. घोडा कुणाचा आणि यज्ञ कुणाचा, हा वेगळा लेख होईल.)

पैसेवाला खेळ मात्र थांबला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये आयपीएल उचलून दुबई-अबुधाबीला नेली. ज्या रणजी करंडकावर साध्या घरातल्या क्रिकेटपटूचं पोट चालतं, तो त्या हंगामात रद्द झाला. १९३४ पासून पहिल्यांदाच.

दुसरीकडे काय झालं तेही पाहा. अमेरिकेतल्या एनसीएए या कॉलेज-क्रीडा संघटनेने १२ मार्च २०२० ला आपली सर्वात मोठी बास्केटबॉल स्पर्धा रद्द केली आणि ३० मार्चला वसंत हंगामातल्या खेळाडूंना पात्रतेचं एक वर्ष वाढवून दिलं. अठरा दिवसांत. ती काही संतांची संघटना नाही, खेळाडूंच्या घामावर पैसा करते म्हणून तिच्यावर खटले झाले आहेत. पण हंगाम बुडाला तर खेळाडूचं वर्ष बुडालं, एवढं तिला कळलं.

आमच्या पोरांचं वय मात्र कुणासाठी थांबलं नाही. सैन्याची भरती दोन वर्षं झाली नाही. जून २०२२ मध्ये थेट अग्निपथ आली. वयोमर्यादा २१ वरून २३ केली, तीही एकदाच, आणि नोकरी चार वर्षांची. पुढे ठेवणार चारातल्या एकाला. लॉकडाऊन लागताना एकवीस ओलांडत असलेला पोरगा सरळ बाहेर. वीस वर्षांचा होता त्याला जेमतेम एक संधी.

दार बंद होणं आपल्याला नवं नाही. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज संपताच १९२१ ला मोडली. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला, तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. मधल्या काळात किती जणांची वयं उलटली, त्याची नोंद कुठल्या दप्तरात आहे?

पोरींचं तर बोलायलाच नको. आमच्या ओळखीच्या खो-खोच्या संघातल्या दोघींची लग्नं त्या पहिल्याच उन्हाळ्यात उरकली. दहा-पंधरा माणसांत लग्न, खर्च कमी, म्हणून घरचे मोकळे झाले. मैदान उघडलं तेव्हा एकीच्या कडेवर लेकरू होतं.

आणि ज्या वर्षी मैदानाच्या फाटकाला कुलूप होतं, त्या वर्षीच्या फीच्या पावतीवर आमच्यातल्या काही जणांना क्रीडा शुल्क लागलेलं दिसतं. रक्कम मोठी नाही. मजुरीचे दिवस मोजले तर लहानही नाही. आपापल्या पावत्या शोधा. २०२०-२१ चं क्रीडा शुल्क किती जमलं, कशावर खर्च झालं, किती परत दिलं, हे तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतात. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत. आम्ही अर्ज लिहायला बसलो आहोत, ज्याला यायचं त्याने पावती घेऊन यावं.

जय भीम.