थिओडोशिअस बादशहाचें प्रायश्चित्त

ख्रिस्ती धर्मांत नम्रता व पश्चात्ताप यांस केवढें स्थान आहे हें सांगावयाचें झालें म्हणजे रोमन बादशहा थिओडोशिअस याची कथा बहुधा पुढें केली जाते. मिलान शहरीं देवळाच्या दारांत बिशप अँब्रोज उभा आहे, बादशहा लवाजम्यासह आंत येऊं पाहत आहे, आणि बिशप त्यास परत फिरवीत आहे, असा हा प्रसंग. रूबेन्स व व्हॅन डाइक या चित्रकारांनीं तो रंगविल्यामुळें तर तो डोळ्यांपुढें घडल्यासारखा वाटतो. परंतु जो प्रसंग फार रंगतो त्याची साक्ष अधिक बारकाईनें तपासावी, हा इतिहासशास्त्राचा पहिला धडा आहे. म्हणून अस्सल कागद काय सांगतो व मागाहूनच्या बखरी काय सांगतात, हें येथें निवडून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मूळ घटनेविषयीं वाद नाहीं. इ. स. ३९० मध्यें थेस्सलनीका येथें बुथेरिक नांवाच्या सेनानीनें एका लोकप्रिय सारथ्यास कैदेंत टाकिलें. शर्यतीसाठीं त्यास सोडावें असा लोकांनीं हट्ट धरिला. तो न मानिल्यामुळें दंगा होऊन सेनानी मारला गेला. बादशहा संतापला. त्याच्या हुकुमावरून फौजेनें शहरवासीयांची कत्तल केली. अपराधी कोण व निरपराधी कोण याची चौकशी झाली नाहीं. थिओडोरेट हा मृतांचा आंकडा ७००० देतो, पण तोहि ऐकीव म्हणूनच.

या प्रकरणांतील अस्सल कागद एकच, व तो म्हणजे अँब्रोजनें बादशहास लिहिलेलें पत्र. बादशहा मिलानास परत येण्यापूर्वींच अँब्रोज प्रकृतीचें निमित्त करून शहराबाहेर गेला होता. पत्र त्यानें स्वहस्तें लिहिलें व तें बादशहानें एकट्यानें वाचावें असें त्यांतच नमूद केलें. त्याच्या दहा भागांच्या पत्रसंग्रहांत हें पत्र नाहीं. तें त्या संग्रहाबाहेर टिकून राहिलें. पत्रांत तो म्हणतो कीं, आपण आधीं पुष्कळ विनविलें होतें, आणि बादशहानेंहि हुकूम फिरविला, पण फार उशिरां. म्हणजे कृत्य घोर होतें असा निवाडा त्याचा त्यानेंच दिला. दाविदाचा दाखला देऊन तो राजास अनुतापाची वाट दाखवितो, व बादशहा समक्ष असतां आपणास यज्ञविधि करवणार नाहीं हें स्पष्ट कळवितो. हें सर्व आपण त्यास लज्जित करण्यासाठीं लिहीत नसून त्याचें मन वळावें म्हणून लिहीत आहों, असाहि खुलासा तो करितो.

आतां बखरींकडे वळूं. अँब्रोजचा लेखक पॉलिनस यानें बिशपाच्या मरणानंतर त्याचें चरित्र लिहिलें. त्यांत बादशहास देवळांत येऊं दिलें नाहीं, एवढी गोष्ट प्रथम येते. पुढें इ. स. ४४० ते ४५० च्या सुमारास पूर्वेकडे ग्रीक भाषेंत लिहिणारा सोझोमेन सांगतो कीं, बिशपानें दारापुढें लोकांदेखत बादशहाचें जांभळें वस्त्र धरिलें. थिओडोरेटाच्या ग्रंथांत तर लांबलचक भाषणें, आठ महिन्यांचा विरह व नाताळचा सण हीं सर्व येतात. जसजसा काळ लोटला तसतसा तपशील वाढत गेला. इतका बोभाटा झाला असता तर एकट्यानें वाचावयाच्या पत्राचें प्रयोजनच राहत नाहीं. यावरून दारावरील प्रसंग मागाहून रचला गेला असें आम्हांस वाटतें.

मग प्रायश्चित्तच झालें नाहीं कीं काय? तसें नाहीं. थिओडोशिअस १७ जानेवारी ३९५ रोजीं मरण पावला. चाळिसाव्या दिवशीं केलेल्या भाषणांत अँब्रोज सांगतो कीं, बादशहानें राजचिन्हें उतरवून देवळांत उघडपणें अश्रु ढाळले, व पुढें एकहि दिवस त्या चुकीच्या दुःखावांचून गेला नाहीं. अँब्रोज हा पक्षकार खरा; पण समोर राजपुत्र होनोरिअस होता, आणि घटनेस उणींपुरीं पांच वर्षें झालीं होतीं. अशा सभेंत निखालस खोटें बोलणें कठीण. त्याच भाषणांत आणखी एक गोष्ट आहे: ३९४ मधील फ्रिजिडस नदीवरील विजयानंतर, शत्रु कां होईना, माणसें पडलीं म्हणून बादशहानें कांहीं काळ प्रसाद घेतला नाहीं. येथें दार अडविणारा कोणी नव्हता.

शिक्षा अमलांत आणण्यापूर्वीं तीस दिवस थांबावें, हा कायदाहि परंपरा याच प्रायश्चित्ताशीं जोडते. त्याच्या उपलब्ध प्रतीवर ३८२ सालची मिति असली तरी अनेक संशोधक तो ३९० चा धरितात. ही जोडणी खरी असेल तर पश्चात्ताप अश्रूंपाशीं न थांबतां पुढील क्रोधास लगाम घालण्यापर्यंत गेला.

अँब्रोजची बाजू नेहमींच न्यायाची होती असेंहि कोणीं समजूं नये. ३८८ मध्यें कॅलिनिकम येथें ख्रिस्ती जमावानें यहुद्यांचें सभास्थान जाळलें, तेव्हां तें बिशपानें बांधून द्यावें हा बादशहाचा योग्य हुकूम याच अँब्रोजनें रद्द करविला. तेथेंहि बादशहा नमला. परंतु त्या नमण्यास आम्ही पश्चात्ताप म्हणणार नाहीं. दडपणापुढें वांकणें आणि स्वतःचा दोष ओळखून वांकणें यांतील भेद हीं दोन प्रकरणें शेजारीं ठेविलीं म्हणजे स्पष्ट दिसतो.

दाराच्या कथेनें हाच भेद पुसला. १०८१ मध्यें पोप सातवा ग्रेगरी यानें चवथ्या हेन्रीविरुद्ध आपला अधिकार सिद्ध करण्यासाठीं थिओडोशिअसाचाच दाखला दिला. एका मनुष्याचा अनुताप अशा रीतीनें धर्मपीठानें राजपीठावर मिळविलेल्या विजयाचें प्रमाण ठरला. पत्राचा लेखक असा विजय मागत नव्हता. तो एका अपराध्यास एकांतांत त्याचा अपराध दाखवीत होता. बखरींतला बादशहा हरतो. पत्रांतल्या बादशहास निवड करावयाची होती, आणि ती त्यानें केली.