एकच कीटकनाशक किड्याला मारतं, माणसाला सहसा नाही. असं का?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जण दगावले. तेव्हा चर्चेत आलेली प्रोफेनोफॉस आणि मोनोक्रोटोफॉस ही औषधं ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली. हा गट मज्जासंस्थेतलं अ‍ॅसिटाइलकोलिनएस्टरेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, बंद पाडतो. हे विकर अळीत असतं तसं आपल्यातही असतं.

मग माणूस वाचतो कसा? पोटात जाणाऱ्या मात्रेचा फरक आहेच. पण विष तोडणारी दुसरी विकरंही असतात आणि ती प्रत्येक जिवात सारखी नसतात.

मॅलॅथिऑनचंच बघा. आपल्या यकृतातलं कार्बॉक्सिलएस्टरेज त्याचे झटपट तुकडे करतं, बहुतेक किड्यांना ते तितकंसं जमत नाही. म्हणून मलेरियाच्या फवारणीत ते त्यातल्या त्यात सुरक्षित मानलं गेलं. तरीही १९७६ मध्ये पाकिस्तानात फवारणी करणाऱ्या सुमारे ७,५०० जणांपैकी जवळपास २,८०० जणांना विषबाधा झाली, पाच जण मरण पावले. त्या मालात आयसोमॅलॅथिऑनची भेसळ होती. साठवणुकीत तयार होणारा हा पदार्थ नेमकं कार्बॉक्सिलएस्टरेजच अडवतो. संरक्षण गेलं आणि नेहमीचं औषध घातक ठरलं.

इतर प्राण्यांचं गणित आणखी वेगळं. मधमाशीचं एक विकर थायाक्लोप्रिड सहज पचवतं, पण त्याच गटातल्या इमिडाक्लोप्रिडपुढे हात टेकतं. पक्ष्यांच्या रक्तात पॅराऑक्सोनेज जवळपास नसतंच. मांजरीला परमेथ्रिन नीट निकामी करता येत नाही, त्यामुळे कुत्र्याचं पिसवांचं औषध तिला चुकूनही लावू नका.

किडे मात्र बदलतात. कपाशीवरच्या हिरव्या बोंडअळीत दोन शेजारची जनुकं जोडली जाऊन एक नवं विकर तयार झालेलं आढळलं आहे, ते फेनव्हॅलरेट पचवतं. आपण फवारत राहतो तशी अशीच अळी मागे उरते.

यावर बाजाराचा उपाय म्हणजे मिश्रण. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन एकाच बाटलीत मिळतात. पहिलं औषध अळीची एस्टरेजं अडवतं, म्हणून दुसरं जास्त लागू पडतं. युक्ती हुशारीची आहे, फक्त पंप पाठीवर घेतलेल्या माणसाच्या यकृतातली एस्टरेजंही ते तशीच अडवू शकतं.