घरच्या मेहनतीचा रकाना



या वेळचा विषय तुम्हाला जरा रुक्ष वाटेल. माझी नात परिव्यय लेखांकन शिकते आहे. साध्या भाषेत सांगायचं तर एखादी वस्तू तयार करायला खरा खर्च किती आला ते काढायचं, आणि त्यावरून धंद्यातले निर्णय घ्यायचे. मी मराठी माध्यमातली बी.ए., जन्मभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. जमाखर्चाशी माझा संबंध वाण्याच्या वहीपुरताच! पण सुट्टीत तिची पुस्तकं चाळताना वाटलं, हा विषय आकड्यांचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे. आणि तो इतिहास थेट आपल्या गिरीजच्या वाड्यांपर्यंत येऊन पोचतो.

हे शास्त्र वाढलं ते कारखान्यांत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकार कारखानदारांकडून 'खर्च अधिक ठराविक नफा' अशा बोलीवर माल घेऊ लागलं, तेव्हा खर्चात नेमकं काय काय धरायचं हा प्रश्न उभा राहिला. १९१९ साली इंग्लंडमध्ये परिव्यय लेखापालांची संस्था निघाली. आपल्याकडे अशी संस्था दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली स्थापन झाली आणि १९५९ साली तिला कायद्याचा आधार मिळाला. कारखान्याच्या हिशेबात कच्चा माल, मजुरी, वीज, यंत्राचा घसारा, जागेचं भाडं, मॅनेजरचा पगार... काही सुटत नाही.

आता शेतीकडे वळू. महाराष्ट्रात शेतकऱ्याचा हिशेब घरोघर जाऊन मांडणारा एक जुना अभ्यास आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली आणि १९१७ साली ती पुस्तकरूपाने आली. 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' हे त्याचं नाव. कोणाची जमीन किती, कर्ज किती, बाहेरची मजुरी किती, असं सगळं त्यात आहे. निष्कर्ष असा की बहुतेक घरांचं नुसत्या शेतीवर भागत नव्हतं. लोक आळशी किंवा उधळे म्हणून गरीब, असं म्हणण्याचा तो काळ. हिशेबाच्या वहीने त्याला परस्पर उत्तर दिलं. आज त्या पिंपळे सौदागरात जाऊन पाहा. शेतं गेली, मनोरे उभे आहेत.

पुढचा टप्पा आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीतला. शरद जोशी हे मुळात वाणिज्य शाखेचे, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजचे एम.कॉम. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात जागतिक टपाल संघटनेत चांगली नोकरी होती. ती सोडून १९७७ च्या सुमारास ते चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. शिकलेल्या माणसाने नीट हिशेब ठेवून शेती केली तर ती फायद्यात येईल, असं आपल्यालाही वाटतं ना? त्यांनी हिशेब ठेवला, आणि वहीत तोटाच दिसला. 'उलटी पट्टी' हा शब्द त्यांच्यामुळे शहरातल्या लोकांच्या कानावर पडला. म्हणजे माल बाजारात पाठवायचा आणि आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता शेतकऱ्यानेच उलट पैसे देणं लागायचं! चाकणच्या कांद्यापासून सुरू झालेली चळवळ नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात रस्त्यावर आणि रेल्वे रुळांवर उतरली. उसाला टनामागे ३०० रुपये मागितले गेले. मागणीचा गाभा एकच होता, शेतमालाला उत्पादन खर्चावर आधारित भाव. म्हणजे कारखान्याच्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण शेतकऱ्यालाही लागू करा, इतकंच.

सरकारकडे या हिशेबाची यंत्रणा आधीपासून होती. कृषी मूल्य आयोग १९६५ साली स्थापन झाला. त्याच्या हिशेबात खर्चाच्या वेगवेगळ्या व्याख्या आहेत. 'ए-२' म्हणजे शेतकऱ्याने बाहेर प्रत्यक्ष केलेला खर्च, बियाणं, खत, मजुरी वगैरे. त्यात घरच्या माणसांच्या कामाची मजुरी धरली की 'ए-२ अधिक एफ.एल.'. त्यापुढे स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरलं की 'सी-२'. डॉ. स्वामिनाथन यांच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने (२००४ ते २००६) सुचवलं की हमीभाव खर्चाच्या किमान दीडपट हवा. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भाव जाहीर झाला, पण तो 'ए-२ अधिक एफ.एल.' वर. संघटना म्हणतात, 'सी-२' वर द्या. शेत तेच, पीक तेच, भांडण आहे ते रकान्याचं!

नातीच्या पुस्तकातली आणखी एक गोष्ट मला फार पटली. निर्णय बदलला की विचारात घ्यायचा खर्चही बदलतो. समजा, एका शेतकऱ्याचे कांद्यावर ४०,००० रुपये आधीच खर्च झाले आहेत. काढणी, गोण्या, गाडीभाडं, हमाली मिळून आणखी १५,००० लागणार. बाजारात २०,००० मिळणार असतील, तर एकूण तोटा असूनही कांदा काढावा, कारण हातात ५,००० तरी येतात. पण १२,००० च मिळणार असतील, तर कांदा काढण्यात आणखी ३,००० जातात. मग तो उभ्या पिकात नांगर घालतो. टीव्हीवर ते बघून आपण हळहळतो, "काय हा वेडेपणा!" म्हणतो. खरं तर त्याने कॉलेजात न जाता अचूक हिशेब केलेला असतो. गेलेले ४०,००० दोन्हीकडे गेलेलेच.

आता आपल्या वसईकडे. केळी, पानवेली, फुलं, भाजी ही आपली पिकं. केळी आणि भाजीला तर हमीभावही नाही, म्हणजे 'ए-२' की 'सी-२' हा वाद आपल्या वाट्याला कधी आलाच नाही. माझ्या लहानपणी गावातल्या बायका रात्रीच माल बांधून ठेवत, पहाटेची गाडी पकडून दादरला विकायला जात आणि दुपारी परत आल्या की पुन्हा वाडीत शिंपणं, खुरपणं. केळ्यांचे इतके आले, खताला इतके गेले, बाकी नफा, असा तोंडी हिशेब व्हायचा. त्या नफ्यात त्या बायकांची मजुरी दडलेली होती, हे कोणी बोलत नसे. बहुधा त्यांनाही ते माहीत नव्हतं.

पुढे वसई-विरारसाठी सिडको आली, इमारती वाढल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभारली. जमिनीचे भाव असे चढले की जमिनीचा खंड धरून केलेल्या हिशेबात कुठलीही वाडी तोट्यातच दिसते. त्या रकान्यापुढे मेहनती माणूसही हरतो. ज्यांनी विकली त्यांना मी नावं ठेवणार नाही. मुलांची शिक्षणं, आजारपणं, बहिणींचे हिस्से... कारणं खरी होती.

मात्र त्या हिशेबातही एक रकाना सुटलाच. आपली बावखलं. पावसाचं पाणी त्यांत साठायचं, जमिनीत मुरायचं, म्हणून समुद्र इतका जवळ असूनही आपल्या विहिरी गोड राहिल्या. बावखल बुजवून जागा विकली तर येणारी रक्कम कागदावर लगेच दिसते. शेजारच्या चार विहिरींचं काय होईल, ते कोणाच्याच वहीत येत नाही, कारण तो खर्च विकणाऱ्याला भरावा लागत नाही.

नातीला मी म्हटलं, परीक्षेत लिहायचं ते लिही, पण नोकरीला लागलीस आणि कोणी तयार बेरीज समोर ठेवली, तर आधी रकाने वाच. काय धरलंय आणि काय सोडलंय ते विचार.

आमच्या नातेवाइकांपैकी ज्यांची वाडी अजून शाबूत आहे त्यांना एक विनंती. या हंगामात घरातलं कोण किती तास वाडीत राबलं ते कॅलेंडरवर रोज लिहून ठेवा, आईचे आणि सुनेचे तास धरून. पावसाळ्यानंतर भेटू तेव्हा सगळ्यांचे आकडे एकत्र मांडून बघू.