पिंपांचा काठ

पोर्तोला पोहोचलेला पाहुणा पहिल्या संध्याकाळी रिबेराच्या धक्क्यावर बसून जे पाहत राहतो, ते पोर्तो नसतेच. दोउरो नदीपलीकडची लांबलचक कौलारू छपरे, त्यांवरची कंपन्यांची ठळक नावे, काठाशी बांधलेल्या सपाट बुडाच्या होड्या आणि त्यांत आडवी रचलेली पिंपे, हा सगळा देखावा व्हिला नोव्हा द गाया या वेगळ्या नगराचा आहे. पोर्तोच्या नावाने जगभर खपणारी वाइन पोर्तोत पिकत नाही आणि परंपरेने मुरते तीही समोरच्या काठावर. द्राक्षे पिकतात पूर्वेला शंभरएक किलोमीटरवर, डोंगरउतारांवर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत. नदी, ऊन आणि पिढीजात कसब यांनी हे सारे आपसूक घडवले, असे प्रवासी पुस्तिका वाचून वाटते. माझ्या मते या काठाचे खरे शिल्पकार जकात, तह आणि निर्यातीचे कायदे आहेत. पाहुण्यांचा आजचा व्यवसाय उभा आहे तो त्यांच्याच रिकाम्या होत गेलेल्या जागेत.

वखारी पलीकडेच का, याचे ठरावीक उत्तर असे, की पोर्तोच्या बिशपची जकात चुकवायला व्यापाऱ्यांनी गाया गाठले. त्यात तथ्याचा अंश आहे. 1120 मध्ये पोर्तुगालची राज्यकर्ती दोना तेरेझा हिने पोर्तो बिशपला दिले आणि 1255 मध्ये राजा तिसऱ्या अफोन्सोने गायाला सनद देऊन त्याच्यापुढे प्रतिस्पर्धी उभा केला. पण बिशपची शहरावरची सत्ता पंधराव्या शतकाच्या सुरुवातीलाच राजाकडे गेली आणि वाइनचा मोठा व्यापार त्यानंतर अडीचशे वर्षांनी बहरला. तेव्हा बिशपवर सगळा भार टाकता येत नाही. दुसरे उत्तर हवेचे, आणि ते जास्त वजनदार आहे. दोउरोच्या वरच्या खोऱ्यात उन्हाळा भाजून काढतो. गायाचा उतार उत्तराभिमुख, समुद्राजवळचा, दमट आणि थंड. वाइन तिथे सावकाश मुरते, हे मान्यच. मात्र हवा सोय देते, सक्ती करत नाही. सक्ती आली 1926 च्या कायद्याने: निर्यातीची पोर्ट वाइन गायातल्या आखून दिलेल्या हद्दीतूनच बाहेर जाईल. 1986 मध्ये ही अट उठली आणि खोऱ्यातले मळेवाले स्वतःची वाइन स्वतः परदेशी धाडू लागले. केवळ हवाच कारण असती, तर साठ वर्षे कायद्याचा पहारा कशाला लागला असता?

त्याही मागे इंग्लंड आहे. 1703 च्या मेथ्यूएन तहाने पोर्तुगीज वाइनवरचा इंग्लंडमधला कर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांशाने कमी राहील असे ठरले, आणि पोर्तोत इंग्रज व्यापाऱ्यांची वस्ती फोफावली. 1790 मध्ये पूर्ण झालेली त्यांची दगडी ‘फेइतोरिया’ आजही रिबेराच्या वरच्या अंगाला उभी आहे. राजापूर आणि सुरतेचा इतिहास वाचलेल्या मराठी माणसाला तिचा अर्थ समजावून सांगायला नको, ती वखारच. पुढे भेसळ वाढली, भाव कोसळले, तेव्हा पंतप्रधान पोम्बाल याने 1756 मध्ये मक्तेदार कंपनी काढली आणि खोऱ्याच्या सीमेवर ग्रॅनाइटचे खांब रोवून कुठली वाइन निर्यातीची आणि कुठली नाही हे ठरवून टाकले. त्याच कंपनीला शहरातल्या किरकोळ विक्रीचाही मक्ता मिळाला. 23 फेब्रुवारी 1757 रोजी गुत्तेवाले आणि त्यांचे गिऱ्हाईक रस्त्यावर उतरले. सरकारने सैन्य आणले, खटले चालवले, माणसे फासावर चढवली. वाइनच्या चवीची जी कीर्ती तळघरात पाहुण्याला ऐकवली जाते, तिच्या पायाशी हेही आहे. शहराचे नाव लावलेला माल साहेबासाठी होता. शहरातल्या माणसाने काय प्यावे हे कंपनी ठरवणार होती.

होड्यांवर मात्र जरा थांबावेसे वाटते. राबेलो ही खडकाळ, उथळ, वेगवान पाण्यासाठीच घडलेली होडी: तळाला कणा नाही, मागे भलेमोठे वल्हे सुकाणूच्या जागी आणि पिंपांच्या राशीवरून पुढचे पाणी दिसावे म्हणून उंच माची. खाली येताना प्रवाह ओढून आणी. वर जाताना काठावरून बैल आणि माणसे ओढत. 1861 मध्ये वालेइराच्या खडकाळ घळीत होडी उलटून बॅरन फॉरेस्टर बुडाला, नदीचा तपशीलवार नकाशा काढणारा तोच. 1887 पर्यंत रेल्वे स्पेनच्या सरहद्दीला भिडली, तरी होड्या 1960 च्या दशकापर्यंत तग धरून राहिल्या. मग मालमोटारी आल्या आणि धरणांनी नदीची तळी करून टाकली. आज काठाला दिसतात त्या होड्या मालवाहू नाहीत, जाहिरातीच्या आहेत.

मग हे सोंगच नाही का, असा आक्षेप येतो. होड्यांपुरता तो खरा आहे. वाइनला तो लागू पडत नाही. तळघरांत वाइन अजून मुरते, तिचा हिशेब अजून ‘पिपा’त होतो. आपला ‘पिंप’ हा शब्दही त्याच पोर्तुगीज पिपाचा वंशज. शिवाय हा माल पहिल्यापासून परक्याच्या जिभेसाठी सजवलेला होता. पूर्वी परका लंडनमध्ये बसून पीत असे. आता तो तिकीट काढून पिंपापर्यंत येतो. 2020 मध्ये गायातल्या काही जुन्या वखारींत संग्रहालये आणि उपाहारगृहांची अख्खी वसाहत उघडली, तीही वाइनच्याच व्यापाऱ्यांनी. धंदा बदलला, धनी तोच राहिला.

ताटाचीही तीच गत. पोर्तोकरांना ‘त्रिपेइरो’, म्हणजे वजडी खाणारे, म्हणतात. 1415 मध्ये सेउता जिंकायला निघालेल्या आरमाराला शहराने चांगले मांस देऊन टाकले आणि स्वतःकडे वजडी ठेवली, अशी कथा प्रत्येक वाटाड्या सांगतो. पण आजच्या त्या रश्श्यात वजडीबरोबर शिजतो तो पांढरा घेवडा अमेरिकेतला. कोलंबसाच्या आधी तो युरोपात नव्हताच. कथा खोटीच आहे असे यावरून ठरत नाही, एवढेच ठरते की ताटातला पदार्थ त्या कथेइतका जुना नाही. मांसाच्या थरांवर चीज वितळवून वर तिखटसर सॉस ओतलेली फ्रान्सेझिन्या तर 1950 च्या दशकातली, फ्रान्सहून परतलेल्या स्वयंपाक्याच्या हातची. ती पोर्तोची नाही असे कोणी म्हणत नाही. उलट ती कुठे चांगली मिळते यावर तिथे वाद झडतात.

24 जूनला, सेंट जॉनच्या सणाला, वाइन कंपन्यांच्या राबेलो होड्यांची शर्यत लागते. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यावर शिडे फुगवून त्या नदीच्या मुखापासून दोन मजली दों लुईश पुलाकडे, म्हणजे प्रवाहाच्या उलट, निघतात. पूर्वी पिंपे भरून ज्या दिशेने येत, तिच्या नेमक्या विरुद्ध.