अमेरिकन भिंतीवरील घड्याळे : संग्रह व मूल्यमापन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत यंत्रांच्या साहाय्याने मोठ्या संख्येने तयार झालेली, लंबकावर चालणारी व भिंतीवर टांगावयाची घड्याळे. महाराष्ट्रातील जुने वाडे, देवळे, शाळा व कचेऱ्या यांतून ती ‘टोल्याचे घड्याळ’ किंवा ‘लंबकाचे घड्याळ’ या नावांनी परिचित आहेत. ही घड्याळे राजेरजवाड्यांसाठी घडविलेल्या कलावस्तू नव्हेत. सामान्य कुटुंबास परवडेल असा तो कारखान्यातील माल होता. त्यामुळे त्यांचे आजचे मोल केवळ वयावर किंवा दुर्मिळतेवर ठरत नाही. घड्याळाचे मूळ भाग कितपत शाबूत आहेत व त्याचा पूर्वेतिहास कितपत सांगता येतो, यांवर ते मुख्यतः अवलंबून असते.

उगम व विकास : अठराव्या शतकाअखेर अमेरिकेत घड्याळ ही एकेका कारागिराने हाताने घडविलेली महाग वस्तू होती. बॉस्टनजवळील सायमन विलर्ड याने १८०२ मध्ये भिंतीवरील सुटसुटीत घड्याळाचे एकस्व घेतले. वर वाटोळी तबकडी, मध्ये निमुळता भाग व खाली चौकोनी पेटी अशा आकारामुळे ते पुढे ‘बँजो’ घड्याळ म्हणून प्रसिद्धी पावले. तथापि या धंद्यात खरी क्रांती कनेक्टिकट राज्यात झाली. तेथील एली टेरी (१७७२–१८५२) याने लाकडी चक्रांची ४,००० यंत्रे प्रत्येकी ४ डॉलरप्रमाणे तीन वर्षांत पुरविण्याचा करार केला व पाणचक्कीवर चालणाऱ्या यंत्रांनी एकसारखे सुटे भाग कापून १८१० च्या सुमारास तो पुरा केला. कोणत्याही यंत्रातील चक्र दुसऱ्या यंत्रात बसावे, हे तत्त्व घड्याळांच्या धंद्यात त्यामुळे रुजले. त्याचा सहकारी सेथ टॉमस (१७८५–१८५९) याने स्वतंत्र कारखाना काढला. त्याच्या कारखान्याच्या गावास पुढे टॉमस्टन हे नाव मिळाले.

लाकडी चक्रे दमट हवेत फुगत, त्यामुळे ती घड्याळे समुद्रमार्गे पाठविणे धोक्याचे होते. चॉन्सी जेरोम (१७९३–१८६८) याने १८३८ च्या सुमारास पितळेच्या पत्र्यातून चक्रे ठोकून काढण्याची स्वस्त पद्धत प्रचारात आणली व ही अडचण दूर झाली. १८४२ मध्ये त्याने इंग्लंडला घड्याळे पाठविली, तेव्हा त्यांची नोंदविलेली किंमत अविश्वसनीय इतकी कमी वाटून तेथील जकात अधिकाऱ्यांनी त्या किमतीस अधिमूल्य देऊन सर्व माल ताब्यात घेतला. जेरोमला आयतेच गिऱ्हाईक मिळाले व त्याने लागलीच आणखी माल धाडला. अमेरिकन घड्याळांचा परदेशी व्यापार यानंतर वाढत गेला. सेथ टॉमस, अन्सोनिया, न्यू हेवन, वॉटरबरी, इंग्रॅहॅम, गिल्बर्ट व वेल्च हे या काळातील प्रमुख उत्पादक होत.

यांपैकी अन्सोनियाचे नाव भारतात सर्वाधिक रूढ झाले. १८५० मध्ये कनेक्टिकटमध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचा कारखाना पुढे न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे हलविण्यात आला. १८८० मध्ये तो आगीत भस्मसात झाल्यावर पुन्हा उभारला गेला. लंडन येथे कंपनीचे विक्री कार्यालय होते आणि पुढे भारत, चीन, जपान व ऑस्ट्रेलिया येथेही तिचे अभिकर्ते काम पाहू लागले. विजेवरील घड्याळे व आर्थिक ओढग्रस्त यांमुळे हा धंदा उतरणीस लागला. १९२९ मध्ये अन्सोनियाची यंत्रसामग्री सोव्हिएट रशियाने विकत घेतली व मॉस्को येथे तिच्या आधारे नवा कारखाना उभा राहिला.

महाराष्ट्रातील प्रसार व वेळेचा प्रश्न : हा माल येथे मुख्यतः मुंबई बंदरातून आला व लोहमार्गाने अंतर्भागात पोहोचला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आली. सोलापूर–हैदराबाद मार्गावरील नळदुर्ग, अणदूर (ता. तुळजापूर, जि. धाराशिव) या परिसराला सोलापूर हीच जवळची मोठी पेठ होती. हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता.

घड्याळ येण्यापूर्वी येथील कालगणना घटका, पळे व प्रहर यांची होती. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी घंगाळातील पाण्यावर सोडली, की ती भरून बुडण्यास २४ मिनिटे लागत. ती एक घटका. अशा ६० घटकांचा एक अहोरात्र होई. लग्नाचा मुहूर्त या घटिकापात्राने साधीत. अणदूर येथील खंडोबाची मूर्ती वर्षातील काही काळ नळदुर्ग येथे व उरलेला काळ अणदूर येथे असते आणि तिच्या स्थलांतराचा काळ तिथीने ठरतो. सण, उत्सव व मुहूर्त यांबाबत पंचांगाचे स्थान घड्याळाने घेतले नाही. शाळा, कचेरी, टपाल व आगगाडी यांची वेळ मात्र घड्याळाकडे गेली आणि एकाच गावात दोन कालगणना शेजारी शेजारी नांदू लागल्या.

घड्याळ कोणत्या वेळेवर लावावे, हाही प्रश्न सोपा नव्हता. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिच वेळेच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. आगगाड्या मद्रास वेळेवर चालत. ती मुंबईच्या ३० मिनिटे पुढे होती. अणदूरची सूर्यावरून येणारी स्थानिक वेळ रेखांशाप्रमाणे मुंबईच्या सु. १४ मिनिटे पुढे व मद्रासच्या सु. १६ मिनिटे मागे पडते. १८८१ मध्ये मुंबई सरकारने आपल्या कचेऱ्यांना मद्रास वेळ लागू केली, तेव्हा शहरात तीव्र विरोध झाला व १८८३ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ अमलात आली. मुंबई महानगरपालिकेने मात्र ३९ मिनिटे मागे असलेली मुंबई वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. तेव्हा घड्याळ बिनचूक चालत असले, तरी ते दाखवीत असलेली वेळ कोणाची, हे घरमालकास ठरवावे लागे.

प्रकार : महाराष्ट्रात आढळणाऱ्या घड्याळांत अष्टकोनी मुखाचे, सु. ३० सेंमी. व्यासाच्या तबकडीचे व खाली लंबकासाठी लहान पेटी असलेले घड्याळ विशेष परिचित आहे. अमेरिकेत ते शाळांतून लावले जाई. लंबट पेटीचे, काचेच्या दारावर सोनेरी अक्षरे असलेले ‘रेग्युलेटर’ हे दुसरे होय. मूळ अर्थाने रेग्युलेटर म्हणजे इतर घड्याळे ज्यावरून लावावीत असे अचूक घड्याळ. सेथ टॉमसचे १८६० मध्ये निघालेले वजनावर चालणारे ‘रेग्युलेटर क्र. २’ अमेरिकेतील रेल्वेस्थानकांवर दीर्घकाळ वापरात होते. पुढे मात्र कमानीवर चालणाऱ्या साध्या घड्याळांवरही हा शब्द छापला जाऊ लागला. म्हणून केवळ त्या शब्दावरून दर्जा ठरविणे चुकीचे ठरते. बहुतेक घड्याळांना आठ दिवसांनी चावी द्यावी लागते. काही एकतीस दिवस चालतात.

ओळख व परीक्षण : पहिले परीक्षण पेटी उघडून यंत्राचे करावे. यंत्राच्या मागील पितळी पत्र्यावर कारखान्याचे नाव किंवा चिन्ह ठोकलेले असते. तेथे एकस्वाची तारीख असल्यास घड्याळ त्यापूर्वीचे नाही, एवढेच सिद्ध होते. ते त्याच वर्षी तयार झाले असे नव्हे. सेथ टॉमस कारखान्याने सु. १८८१ ते १९१८ या काळात पेटीवर निर्मितीची खूण उमटविली. तीत अनेकदा वर्षाचे अंक उलट क्रमाने असून पुढे महिन्याचे इंग्रजी अक्षर असे. ‘८९८१ सी’ ही खूण १८९८ च्या मार्च महिन्याची होय. पेटीच्या आत किंवा पाठीवर डकवलेला छापील कागद हाही महत्त्वाचा पुरावा असतो.

नावावरून फसगत होण्याचा संभव मोठा आहे. जर्मनीतील श्रामबेर्ख येथील एका कारखान्याने १८८३ पासून ‘हँबुर्ग-अमेरिकन’ हे नाव धारण केले होते. परस्परांना छेदणारे दोन बाण ही त्याची खूण. त्याची घड्याळे जर्मन असून ‘अमेरिकन’ हा शब्द केवळ उत्पादनपद्धतीचा निदर्शक होता. टोकिओ येथे १८९२ मध्ये स्थापन झालेल्या सैकोशा कारखान्याची भिंतीवरील घड्याळेही अमेरिकन नमुन्यांशी मिळतीजुळती आहेत. ही घड्याळे स्वतःच्या जागी संग्राह्य असली, तरी ती अमेरिकन म्हणून विकली जाणे हे अज्ञान किंवा लबाडी होय. जुन्या यंत्रास नवी तबकडी, एका कारखान्याच्या पेटीत दुसऱ्याचे यंत्र, अशा जोडणीचे नमुने बाजारात वारंवार येतात. यंत्र बसविण्याची जुनी भोके रिकामी दिसणे, चावीची छिद्रे तबकडीच्या छिद्रांशी न जुळणे, लंबकाचा गोळा पेटीच्या काचेमागे नीट न येणे, या खुणांवरून अशी जोडणी ओळखता येते.

मूल्यमापन : एकाच घड्याळाची तीन मूल्ये संभवतात. बाजारात राजीखुशीने मिळेल ती विक्रीची किंमत. तसेच दुसरे मिळविण्यास पडेल तो खर्च. आणि कुटुंबाला वा गावाला वाटणारे मोल. यांची गल्लत झाल्याने बरेच व्यवहार फसतात. विक्रीच्या किमतीत कारखाना, प्रकार, निर्मितीचा काळ व चालू स्थिती यांचा विचार होतो. परंतु मूळपणाला सर्वांत अधिक वजन असते. मूळ तबकडी डागाळलेली असली, तरी ती नव्या चकचकीत तबकडीपेक्षा श्रेष्ठ समजली जाते. पेटीचा जुना रंग खरवडून केलेले नवे पॉलिश, काचेवरील चित्र पुसून बसविलेली साधी काच, बदललेले काटे यांमुळे मूल्य घटते. कमान, लंबकाची पट्टी व चामडी किंवा दोरी हे झिजणारे भाग बदललेले असल्यास तो दोष मानीत नाहीत.

स्थानिक दुरुस्तीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मूळ पेटी किडल्यास गावच्या सुताराने सागवानी पेटी करून दिल्याची उदाहरणे आढळतात. परदेशी संग्राहकाच्या दृष्टीने असे घड्याळ अपुरे होय. परंतु महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने तेच बोलके ठरते. कारण परदेशी वस्तू येथे किती काळ व कोणत्या प्रयत्नाने वापरात ठेवली गेली, याचा तो पुरावा असतो. दुरुस्ती करणारे कारागीर पत्र्यावर आपले नाव व तारीख बारीक अक्षरांत कोरून ठेवीत. अशा खुणा घासून पुसणे म्हणजे घड्याळाचा दप्तरखानाच नष्ट करणे होय.

जतन : अनेक पेट्या हलक्या लाकडाच्या असून त्यांवर उंची लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटविलेला असतो. पावसाळी दमटपणा व मराठवाड्यातील कडक उन्हाळा यांच्या आलटापालटीने सरस सुटून तो उकलतो. सुटलेले तुकडे फेकून न देता जपून ठेवावेत. तेल केवळ चक्रांच्या टोकांशी, थेंबाथेंबाने द्यावे; सर्व यंत्रावर रॉकेल शिंपडण्याची रीत घातक आहे, कारण त्याने धूळ चिकटून टोके झिजतात. बऱ्याच घड्याळांत टोल्यांची संख्या खाचांच्या स्वतंत्र चक्राने ठरते. काटे घाईने फिरविल्यास टोले व काटे यांचा मेळ सुटतो. पुष्कळ घड्याळे या एवढ्या कारणाने बिघडलेली समजून अडगळीत जातात. वस्तुतः टोल्यांची तार उचलून मेळ पुन्हा घालता येतो.

संग्रह व नोंद : अमेरिकेत कनेक्टिकटमधील ब्रिस्टल येथे या विषयाचे स्वतंत्र संग्रहालय आहे. भारतात हैदराबादचे सालारजंग संग्रहालय (स्थापना १९५१) घड्याळांच्या संग्रहासाठी विख्यात आहे. परंतु त्याची कीर्ती मुख्यतः उंची यूरोपीय घड्याळांवर उभी आहे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय दैनंदिन वापराच्या वस्तूंतही इतिहास असतो, या दृष्टीचे उत्तम उदाहरण होय. मुंबईचा चोर बाजार व पुण्याचा जुना बाजार ही खरेदीची परिचित ठिकाणे आहेत. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत येऊ शकते. म्हणून असे घड्याळ देशाबाहेर नेण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे विचारणा करणे आवश्यक ठरते.

बाजारात आलेल्या घड्याळाबरोबर त्याचे घर येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगडमातीची असंख्य जुनी घरे कोसळली. अन्यत्र वाडे पाडून नव्या इमारती उठल्या. अशा वेळी वस्तू वाचली, तरी ती कोणत्या ओटीवर टांगलेली होती, कोणी आणली व तिला चावी कोण देत असे, हे सांगणारी माणसे पांगतात. म्हणून घड्याळ विकण्यापूर्वी किंवा हलविण्यापूर्वी त्याच्या जागेचे छायाचित्र घ्यावे, घरातील वृद्धांकडून माहिती लिहून घ्यावी व तो कागद पेटीतच ठेवावा. कारखान्याने एकाच साच्यातून काढलेल्या हजारो घड्याळांपैकी एखादे विशिष्ट गावाचे ठरते, ते अशा नोंदीमुळेच.