सकळ लिपी आणि नांदगाव पेठेतली हार्ड डिस्क

म्हाइंभटांच्या हातची लीळाचरित्राची मूळ प्रत आज उपलब्ध नाही. इ. स. १२७८च्या सुमारास रिद्धपुरात हा ग्रंथ सिद्ध झाला. श्रीचक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटांनी त्या विचारून घेतल्या, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या आणि मग लिहिल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत ती प्रत गेली, असे महानुभाव परंपरा सांगते. आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. पण आठवणारे अनेक, म्हणून पाठही अनेक. एकपाठी हिराइसेचा पाठ तर वेगळा ओळखला जातो. लिहिणाऱ्यांनी हे भेद मिटवले नाहीत. कोण काय सांगते ते नोंदवून ठेवले. मला हा प्रामाणिकपणा ग्रंथाइतकाच मोलाचा वाटतो.

यंदा त्याची आठवण झाली ती नांदगाव पेठेत, संगणक दुरुस्त करणाऱ्या एका पोराच्या टेबलाशी. माझी जुनी हार्ड डिस्क टकटक वाजू लागली होती. तिच्यात मोर्शी तालुक्यातल्या पोथ्यांची छायाचित्रे आणि वीस वर्षांची टिपणे. मी घाईने एकेक फोल्डर उचलू लागलो, तर पोराने हात धरला. "काका, आधी जे निघते ते काढून घेऊ, अडलं तिथं मंग पाहू." त्याचे बरोबर होते. खराब जागेवर डिस्कचे वाचणारे टोक पुन्हापुन्हा घुटमळते आणि त्या खटपटीत चांगला भागही हातचा जातो. म्हणून आधी सबंध डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवायची, अडलेल्या जागा शेवटी घ्यायच्या आणि पुढचे सारे काम त्या प्रतिमेवर करायचे. मग चेकसम: फाईलमधल्या मजकुरावरून काढलेला आकडा. एक अक्षर बदलले तरी आकडा बदलतो. प्रतिमेतल्या फाईलचा आणि नव्या डिस्कवरच्या फाईलचा आकडा जुळला, म्हणजे नक्कल शुद्ध.

माझे आकडे जुळले. टिपणे उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा खच!

कारण साधे होते. १९९१ साली भारतीय मानक म्हणून इस्की ही संकेतप्रणाली आली, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली आणि तिच्यात देवनागरी होती. तरी आपल्याकडची छापखान्यांची आणि घरची टंकने पुढे कित्येक वर्षे निरनिराळ्या फाँटांत होत राहिली. त्यांत 'क' हा 'क' म्हणून साठवलाच जात नसे. एखाद्या रोमन अक्षराच्या घरात मराठी आकार बसवलेला असे. तो फाँट असेल तर मराठी, नसेल तर गिचमीड. मी फायली आणल्या होत्या. फाँट जुन्या डिस्कच्या विंडोजमध्येच राहिले होते.

रवळोबासांची सकळ लिपी याच जातीची. एका अक्षरासाठी दुसरे चिन्ह, आणि किल्ली पंथातल्या माणसांजवळ. पोथ्या शतकानुशतके जपल्या गेल्या, नकला होत राहिल्या. पण बाहेरच्याला त्या वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा कुठे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला एवढे मोठे गद्य हाती लागले. फरक इतकाच, की महानुभावांनी लिपी जाणूनबुजून झाकली होती आणि किल्ली गुरूकडून शिष्याकडे जात होती. आमची किल्ली कुठे आहे हे आम्हालाच ठाऊक नव्हते. किती ग्रामपंचायतींची, किती लेखकांची टिपणे अशी बंद पडून असतील!

फाँट त्या प्रतिमेतून सापडले. टिपणे आता युनिकोडमध्ये आणतो आहे. जोडाक्षरे आणि रफार फार बिघडतात, म्हणून ओळ न् ओळ जुन्याशी ताडून पाहावी लागते.

तीन छायाचित्रे मात्र अर्धीच निघाली. ज्या घरी ती पोथी मी पाहिली होती ते घर आता पडले आहे आणि पोथी कुठे गेली, ते घरच्यांनाही सांगता येत नाही. जे शब्द मला आठवतात ते मी टिपणात लिहिले आहेत. त्यांच्यापुढे 'आठवणीवरून' असे लिहून तारीख घातली आहे.