स्थूलतेवरील शस्त्रक्रिया आणि तिची खतावणी



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींस नवल वाटेल. वजन उतरविण्याकरिता पोटावर शस्त्रक्रिया करवून घेणे आणि आपला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, यांचा संबंध तो काय? हा जिल्हा पर्जन्यछायेतला. याची ओळख पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाने सांगितली गेली. १८७६-७८ च्या दुष्काळात दौंड-मनमाड लोहमार्गाच्या मातीकामावर राबून येथील कित्येक कुटुंबांनी जीव जगविला. अशा मुलखात अन्न अंगी लागू नये म्हणून आतड्यांची वाट बदलून घेण्याची गोष्ट बोलणे ही थट्टाच वाटावी.

परंतु काळ पालटला. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले व प्रवरेच्या कालव्यांस भरवशाचे पाणी मिळाले. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील यांच्या उद्योगाने व धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने लोणीनजीक प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ज्या घरात आजीने कोंड्याचा मांडा करून दिवस काढले, त्याच घरात आज नातवाच्या रक्तात साखर सापडते. याचा दोष एकट्या उसास देणे अन्यायाचे होईल. पायांची चाल कमी झाली, अंगमेहनतीची जागा यंत्राने घेतली आणि ताटातील पदार्थही बदलले. पण परिणाम असा की, अशा शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेले कुटुंब आता केवळ पुण्या-मुंबईतच आढळते असे नाही. ते खेड्यातही आढळते आणि खर्चाकरिता दागिना मोडावा की न मोडावा याचा विचार करीत बसते.

अशा कुटुंबास लोक दोन तऱ्हेच्या गोष्टी ऐकवितात. एकजण म्हणतो, अमक्याचे चाळीस किलो उतरले व मधुमेहही गेला. दुसरा म्हणतो, तमका शस्त्रक्रियेच्या मेजावरच दगावला. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतील. पण निर्णय करावयाचा तो गोष्टींवरून नव्हे, हिशोबावरून. हा हिशोब कोणी, कसा व किती वर्षे ठेविला, याचाच इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

अतिस्थूलता बरी करणे कठीण आहे, हे ज्ञान काही आजचे नव्हे. चरकसंहितेत निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांत अतिस्थूलाची गणना आहे, आणि स्थूलता व कृशता यांत कृशता पत्करली, असा तेथील अभिप्राय आहे. स्थूलाची भूक कमी करावी तर तो तळमळतो व भागवावी तर मेद वाढतो, ही अडचण जुन्या वैद्यांनीही ओळखली होती.

या अडचणीवर शस्त्राचा उपाय प्रथम योजिला गेला तो विसाव्या शतकाच्या मध्यास. १९५४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथील क्रेमेन, लिनर व त्यांचे सहकारी यांनी एक शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तीत लहान आतड्याचा आरंभीचा थोडा भाग शेवटच्या भागास जोडून मधले बहुतेक आतडे अन्नाच्या मार्गातून वगळले जाई. माणूस जेवी, पण अन्न अंगी लागत नसे. वजन झपाट्याने उतरे. पुढील वीस-पंचवीस वर्षांत हजारो लोकांनी ही शस्त्रक्रिया करवून घेतली. वजनाच्या काट्यास विचारले असते तर उत्तर एकच आले असते, 'यशस्वी'.

परंतु काटा यकृताची खबर देत नाही. वर्षे लोटली तसे न थांबणारे जुलाब, मुतखडे, सांध्यांचे दुखणे व क्षारांची तूट असे विकार नोंदले जाऊ लागले. कित्येकांचे यकृत निकामी झाले आणि काही त्यातच मरण पावले. कित्येकांस दुसरी शस्त्रक्रिया करून आतडे पूर्ववत जोडून घ्यावे लागले. १९८० च्या सुमारास ही पद्धत जवळजवळ टाकून देण्यात आली. जी शस्त्रक्रिया पहिल्या वर्षी उत्तम ठरली, तीच दहाव्या वर्षी अपायकारक ठरली. या शास्त्राने पहिला धडा घेतला तो हा.

दरम्यान आयोवा विद्यापीठातील डॉ. एडवर्ड मेसन यांनी दुसरा मार्ग शोधिला होता. पोटातील व्रणाकरिता ज्यांच्या जठराचा भाग काढावा लागे, अशा रुग्णांचे वजन उतरते व पुन्हा सहसा वाढत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यावरून १९६६ मध्ये त्यांनी व डॉ. चिकाशी इटो यांनी जठराचा वरचा लहानसा कप्पा वेगळा करून तो आतड्यास जोडण्याची पद्धत काढली. पण मेसन यांची थोरवी मला निराळ्याच गोष्टीत वाटते. स्वतः शोधिलेल्या शस्त्रक्रियेचा भला-बुरा परिणाम अनेक रुग्णालयांतून एकत्र नोंदला जावा म्हणून १९८६ मध्ये त्यांनी एक नोंदवही सुरू केली. आपल्या कृतीचा जमाखर्च दुसऱ्यांच्या डोळ्यांपुढे मांडणे हे सोपे काम नव्हे.

येथे माझ्या धंद्यातील एक उदाहरण देतो. शाळेत पहिल्या दिवशी पटावर ५० मुले आहेत. वर्षभरात २० गळाली. परीक्षेस ३० बसली व २७ उत्तीर्ण झाली. फळ्यावर लिहिले जाते, 'निकाल शेकडा ९०'. अंक खोटा नाही. पण गळालेली २० मुले कोठे गेली, हे त्या अंकात कोठेच दिसत नाही. शस्त्रक्रियेच्या निकालाचेही तसेच आहे. ज्यांस बरे वाटते ते आनंदाने पुन्हा भेटावयास येतात. ज्यांचे वजन परत चढले किंवा जे दुसऱ्या गावी आजारी पडले, ते सहसा येत नाहीत. म्हणून आलेल्यांवरून काढलेला निकाल नेहमी चांगलाच दिसतो.

ही गळती थोपवून हिशोब ठेवण्याचे मोठे काम स्वीडनमध्ये झाले. १९८७ मध्ये डॉ. लार्स शोस्ट्रोम यांच्या नेतृत्वाखाली ते आरंभिले गेले. शस्त्रक्रिया करवून घेणारे २,०१० आणि तिजवाचून नेहमीचे उपचार घेणारे २,०३७ असे दोन गट त्यांनी पाहिले. चिठ्ठ्या टाकून गट पाडावयास तेथील नीतिमंडळांनी संमती दिली नाही, कारण त्या काळी अशा शस्त्रक्रियेतील मृत्यूंचे प्रमाण फार होते. २००७ मध्ये, सरासरी ११ वर्षांनंतर, निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा ४,०४७ लोकांपैकी केवळ तिघांच्या हयातीविषयी माहिती मिळाली नाही. पटावरचे जवळजवळ प्रत्येक नाव शेवटपर्यंत पुकारले गेले.

त्या हिशोबात काय निघाले? नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी १२९ व शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १०१ मरण पावले. वय, लिंग व इतर जोखमींचा विचार करता मृत्यूचा धोका सुमारे शेकडा २९ ने कमी झाला. वजनाची गोष्ट मात्र अधिक बोधप्रद आहे. जठर आतड्यास जोडलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत शेकडा ३२ ने उतरले, पण दहा वर्षांनी ती घट शेकडा २५ राहिली. जठरास पट्टा बांधलेल्यांची घट २० वरून १४ वर आली. म्हणजे गेलेल्या वजनापैकी काही भाग परत येतो. याच लोकांचा २०२० मध्ये पुन्हा हिशोब झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुष्य न झालेल्या स्थूलांपेक्षा सुमारे ३ वर्षांनी अधिक, तथापि सर्वसाधारण लोकांपेक्षा साडेपाच वर्षांनी कमीच आढळले. आणखी एक सावधगिरी ठेविली पाहिजे. स्वीडनमधील बहुसंख्य शस्त्रक्रिया ज्या पद्धतीच्या होत्या, ती पद्धत आज मागे पडली आहे. जठराचा मोठा भाग कापून त्याची अरुंद नळी करण्याची पद्धत आज जगात सर्वांत अधिक चालते. जुन्या पद्धतीचे गुण नव्या पद्धतीच्या पत्रकावर तसेच्या तसे चढविता येत नाहीत.

आता सुरक्षिततेविषयी. १९९४ पासून लहान छिद्रांतून दुर्बिणीच्या साह्याने जठराचा मार्ग बदलण्याची शस्त्रक्रिया होऊ लागली व धोका पुष्कळ उतरला. २००५ ते २००७ या काळात अमेरिकेत ४,७७६ रुग्णांवर लक्ष ठेविले असता, पहिल्या तीस दिवसांत हजारी सुमारे ३ मृत्यू झाले व शेकडा ४ हून थोड्या अधिक लोकांस गंभीर उपद्रव झाला. हे प्रमाण अल्प आहे, शून्य नाही. यूटा संस्थानात ७,९२५ शस्त्रक्रिया झालेले व तितकेच न झालेले यांची तुलना २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत एकूण मृत्यू शेकडा ४० ने कमी दिसले. परंतु अपघात, आत्महत्या अशा, रोगाव्यतिरिक्त कारणांनी झालेले मृत्यू मात्र शस्त्रक्रिया झालेल्यांत दीडपटीहून अधिक होते. शरीर हलके झाले म्हणजे मनही आपोआप हलके होते, असे समजण्याचे कारण नाही. शिवाय लोह, कॅल्शियम व ब-१२ जीवनसत्त्व यांची तूट पडू नये म्हणून औषधे व रक्ताची तपासणी ही जन्मभराची झाली. शाकाहारी कुटुंबांनी ब-१२ ची गोष्ट विशेष ध्यानी धरावी.

मधुमेहासंबंधीचा शोध तर शस्त्रवैद्यांसही अनपेक्षित होता. १९९५ मध्ये डॉ. वॉल्टर पोरीस यांनी ६०८ रुग्णांचा चौदा वर्षांचा अनुभव मांडला. वजन पुरते उतरण्याच्या आधीच अनेकांची साखर नियमित झाली होती. पुढे क्लीव्हलंड येथे १५० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून गट केले गेले. पाच वर्षांनंतर रक्तातील तीन महिन्यांच्या साखरेचा अंक ६ किंवा त्याखाली ठेवण्यात केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी शेकडा ५, जठर जोडलेल्यांपैकी २९ व जठराची नळी केलेल्यांपैकी २३ यशस्वी झाले. औषधांहून हे फळ कितीतरी सरस आहे. पण याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा की, शस्त्रक्रियेनंतरही दहांतील सात जणांस ते ध्येय गाठता आले नाही.

हे सारे आकडे परक्या देहांचे आहेत. ते आपणांस कितपत लागू पडतात? या प्रश्नाचे महत्त्वाचे उत्तर आपल्या शेजारच्या पुण्यातून आले. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांशी केली. आपल्या बालकांचे सरासरी वजन २.७ किलो व तेथील ३.५ किलो. आपली बालके सर्व बाजूंनी लहान, पण त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने राखलेला. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा अंक दोघांचाही २२.३, पण अंगातील मेद युडकिन यांचा शेकडा ९.१ व याज्ञिक यांचा २१.२!

हा अंक, ज्यास भारांक म्हणतात, काढणे सोपे आहे. किलोतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उंची १.६० मीटर व वजन ९६ किलो असेल, तर ९६ भागिले २.५६, म्हणजे ३७.५. अमेरिकेत १९९१ मध्ये शस्त्रक्रियेची मर्यादा ४० व सोबत गंभीर व्याधी असल्यास ३५ ठरली होती. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्याकरिता ती ३७.५ व ३२.५ अशी खाली आणिली. २०१० मध्ये पुण्याचे डॉ. शशांक शहा व सहकारी यांनी २२ ते ३५ भारांकाच्या १५ मधुमेही रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. तीन महिन्यांत सर्वांची मधुमेहाची औषधे सुटली. गोष्ट उत्साह देणारी खरी. पण रुग्ण पंधरा, आणि पाठपुरावा नऊ महिन्यांचा. स्वीडनच्या मापाने ही पहिली चाचणी परीक्षा होय, वार्षिक नव्हे.

एखाद्या व्यक्तीवरून मत बनविणे किती धोक्याचे, याचे उदाहरण मुंबईने पाहिले. २०१७ च्या फेब्रुवारीत ईजिप्तमधील एका अतिस्थूल स्त्रीस विमानाने मुंबईत आणिले गेले. मार्चमध्ये तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात तिला अबूधाबीस नेण्यात आले व सप्टेंबरात ती तेथे निवर्तली. वर्तमानपत्रांनी आधी चमत्कार म्हटले व मागाहून वाद मांडला. तिला इतरही अनेक व्याधी होत्या. तिच्या एकटीच्या कथेवरून ही विद्या तारक ठरत नाही, तशी मारकही ठरत नाही.

मी वैद्य नव्हे. शस्त्रक्रिया करावी किंवा करू नये, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एवढे सांगता येईल की, ज्या घरात हा प्रश्न उभा आहे त्या घराने शस्त्रवैद्यांस तीन गोष्टी नम्रपणे पण निश्चयाने विचाराव्या. पाच वर्षांपूर्वी आपण ज्यांच्यावर शस्त्रक्रिया केली, त्यांपैकी किती जणांची आज आपणांस खबर आहे? दरवर्षी माझ्या रक्ताची तपासणी कोण करील, आणि ती मला तालुक्याच्या गावी मिळेल काय? वजन वा मधुमेह परतला तर पुढे काय? आता वजन उतरविणारी टोचण्याची नवी औषधे आली आहेत. त्यांच्याविषयीही हेच विचारावे, कारण ती थांबविली असता वजन परत चढते असे आढळले आहे. चांगला वैद्य या प्रश्नांनी रागावणार नाही. हिशोब ठेवणाऱ्यास हिशोब विचारल्याचा राग येत नसतो.

आणि ज्यांनी शस्त्रक्रिया करवून घेतली आहे, त्यांस एक विनंती. प्रकृती बरी असो वा नसो, ठरलेल्या तारखेस तपासणीस जात जावे. त्यात आपले हित आहेच. पण आपल्या एका हजेरीमुळे पटावरचे एक नाव राहते, आणि पुढे याच वाटेने येणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसास खरा निकाल वाचावयास मिळतो.